मागच्या स्प्रिंगा घेण्याआधी गाडी काट्यावर न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मारुतीची पाच दारांची जिमनी, दोन वर्षं वापरलेली. बामणोलीच्या पुढं पाहुण्यांच्या राहण्याची सोय केलेली जागा, आठवड्यातून तीनदा साताऱ्यातून सामान भरून यवतेश्वरचा घाट चढून जायचं. भरलेली गाडी मागून बसते, खड्ड्यात मागचा भाग धाडकन आपटतो, शेवटच्या कच्च्या उतारावर मागचा बंपर घासतो. दुकानात दोन जोड्या दाखवल्या: ४० मिमी उचलणारी 'मीडियम' आणि ५० मिमी उचलणारी 'हेवी ड्युटी'. यातली कुठली घ्यावी, आणि पुढच्या स्प्रिंगा तशाच ठेवून फक्त मागच्या बदलल्या तर चालेल का?

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. ५० ची हेवी ड्युटी घेऊ नका. फक्त मागच्याही बदलू नका. आणि ४० ची मीडियमसुद्धा आज घेऊ नका, आधी गाडी वजनकाट्यावर न्या. सत्तावीस वर्षं मी गाड्यांच्या खाली झोपून काम करतोय. या काळात चुकीच्या स्प्रिंगा घेतलेले जेवढे लोक पाहिले, त्यातले बहुतेक उंची विचारून घेऊन आले होते. वजन विचारून आलेला माणूस क्वचित दिसतो. स्प्रिंगेला तुमची उंची कळत नाही, तिला फक्त तिच्यावर आलेले किलो कळतात. उंची हा त्या वजनाचा परिणाम.

आपल्याकडं काट्याची कमी नाही. ऊसपट्ट्यात राहतो आपण. हंगाम नसेल तर पाच मिनिटांचं काम आहे. दोनदा जायचं. एकदा टाकी भरलेली, गाडीत फक्त तुम्ही. दुसऱ्यांदा नेहमीच्या फेरीचं सगळं सामान आणि माणसं. दोन्ही वेळा आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्यायची, मग पुढं सरकून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि काट्याबाहेरची जमीन प्लॅटफॉर्मच्या पातळीत असलेली, नाहीतर आकडा खोटा येतो. मोठा काटा बहुधा १० किलोच्या पायरीनं दाखवतो, तेवढी अचूकता आपल्याला पुरते. असे चार आकडे हातात आले की निम्मं काम झालं.

आता तुमच्या गाडीचा हिशोब. पाच दारांच्या जिमनीचं रिकामं वजन १२०० किलोच्या आसपास आहे, आणि माणसं-सामानासकट कंपनीनं ठरवलेली कमाल मर्यादा १५४५ किलो. म्हणजे सगळं मिळून साधारण ३४५ किलो. तुम्ही लिहिलेलं सामान मी बेरजेला घेतलं: तुम्ही ७५, दोन कामगार १३०, पाण्याचे २० लिटरचे चार जार ८० पेक्षा थोडे जास्तच, वरचं कॅरिअर ३० धरू, मोठा जॅक आणि हत्यारांची पेटी ३०. झाले की ३४५! भाजी, किराणा आणि चादरींची गाठोडी मी अजून मोजलीच नाहीत. म्हणजे तुमची गाडी बसते ती स्प्रिंगा मऊ आहेत म्हणून नव्हे, तुम्ही मर्यादेवर किंवा मर्यादेच्या पलीकडं भरताय म्हणून. जाड स्प्रिंग टाकली की गाडी बसलेली दिसणार नाही, पण एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चॅसी तेच राहतात. स्प्रिंग बदलून १५४५ चा आकडा वाढत नाही. माझ्या धंद्याला हे सांगणं परवडत नाही, पण घाटातून उतरताना ब्रेक तापल्यावर माणसाला ते कळतं, त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सामान कुठं ठेवता, हेही वजनाइतकंच महत्त्वाचं. जिमनीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २५९० मिमी. डिकीत, मागच्या एक्सलच्या ५०० मिमी मागं तुम्ही १०० किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर १०० नव्हे, जवळजवळ १२० किलो येतात, आणि पुढचा एक्सल वीस किलोनं हलका होतो. तराजूसारखं आहे, एक टोक दाबलं की दुसरं उचलतं. मागच्या दारावर टांगलेला जड टायर, त्यावर डिझेलचा डबा (जिमनी पेट्रोलची आहे, तरी मी असा डबा टांगलेला पाहिलाय, जनरेटरसाठी होता), हे सगळं आणखी मागं, म्हणून आणखी महाग पडतं. तुमच्याकडं मागच्या सीटवर एकच माणूस बसतो. दुसरी सीट पाडा आणि पाण्याचे जार एक्सलच्या पुढं, सीटच्या पाठीला टेकवून पट्ट्यानं बांधा. एक रुपया खर्च न करता मागून गाडी बोटभर वर येईल. हे करून मग काट्यावर जा.

मग स्प्रिंगेचा हिशोब. स्प्रिंगेचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात. काही पाकिटांवर हा आकडा न्यूटन प्रति मिमीत असतो, त्याला ९.८ नं भागा. काहींवर पाउंड प्रति इंचात, त्याला ५६ नं भागा. ज्या पाकिटावर हा आकडाच नाही, फक्त 'हेवी' आणि 'टू इंच' लिहिलंय, ती जोडी मी बसवून देत नाही. कपड्यावर फक्त 'मोठा' लिहून माप दिल्यासारखं आहे ते.

उदाहरणापुरते गोल आकडे घेऊ. एक स्प्रिंग २ किलो प्रति मिमीची, दुसरी ३ ची. मागच्या एक्सलवर सामानाचे १५० किलो आले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगेवर ७५. पहिली साधारण ३८ मिमी दबेल, दुसरी २५. फरक किती? तेरा मिलिमीटर. दीडपट कडक स्प्रिंग घेऊन तुम्ही मिळवले अंगठ्याच्या नखाएवढे तेरा मिलिमीटर, आणि त्याबदल्यात रिकाम्या गाडीत रोज कंबर दिली. उंची हवी असेल तर ती स्प्रिंगेच्या मोकळ्या, म्हणजे वजन नसतानाच्या, लांबीतून घ्यायची. कडकपणा फक्त तेवढा वाढवायचा जेवढं वजन कायमचं वाढलंय.

'कायमचं' हा शब्द इथं सगळ्यात महत्त्वाचा आहे. चांगले स्प्रिंगवाले एकाच गाडीसाठी तीन-चार जोड्या काढतात: रिकाम्या गाडीसाठी, शंभरेक किलो कायम असेल त्यासाठी, दोनशेसाठी, त्याहून जास्तीसाठी. कायमचं म्हणजे गाडीला बोल्टनं लागलेलं, जे तुम्ही दिवाळीच्या सुट्टीतही काढत नाही: लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), कॅरिअर, डिकीतले ड्रॉवर. येऊन-जाऊन असणारं सामान त्यात धरायचं नाही. तुमच्या सात दिवसांतल्या तीन फेऱ्या भरलेल्या, म्हणजे जाताना. येताना गाडी रिकामी. बाकीचे चार दिवस तुम्ही तिच्यातून साताऱ्यात फिरता. म्हणजे तुमचं कायमचं वजन ६०-७० किलोच्या वर नाही.

ही चूक मी स्वतः एकदा केलीय, म्हणून इतकं लांबवतोय. माणकडचे एक गृहस्थ दुसऱ्या एका मोठ्या गाडीला मागं झोपायची फळी, ड्रॉवर, पाण्याची टाकी करणार होते. मला म्हणाले, अडीचशे किलो धरा. मी धरले, आणि त्या मापाच्या स्प्रिंगा टाकल्या. गाडी मागून अशी उभी राहिली की शर्यतीचा बैल दावणीला ओढ घेतोय. सुताराचं काम लांबत गेलं, शेवटी झालंच नाही. तीन महिन्यांनी ते परत आले. दहिवडीच्या रस्त्याच्या लाटांवर मागचं चाक जमिनीवर टिकत नव्हतं, वळणावर ब्रेक मारला की शेपूट हलायची, आणि घरच्यांनी गाडीत बसायचं सोडलं होतं. त्या स्प्रिंगांत दोष नव्हता. दोष माझा, मी न आलेल्या वजनावर माप घेतलं. तेव्हापासून नियम केला: आधी सामान बसवून या, मग माप.

एकदम कडक स्प्रिंग ऑफरोडला चांगली, हाही गैरसमजच. जांभ्याच्या पायऱ्यांवर किंवा ओढ्याच्या गोट्यांवर काम करतो तो एक्सलचा वाकडा होण्याचा पल्ला, म्हणजे एक चाक वर दाबलं जात असताना दुसऱ्यानं खाली जमीन शोधणं. कडक स्प्रिंग दबत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूचं चाक हवेत राहतं आणि फिरत बसतं. आणखी एक गोष्ट लिफ्टवाले दुकानदार सांगत नाहीत. जिमनीला पुढं-मागं दोन्हीकडं अखंड एक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच सलग एक्सलवर. जमिनीला सगळ्यात जवळ असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा, आणि कंपनीचा जमिनीपासूनच्या उंचीचा २१० मिमीचा आकडा असतो अशा सगळ्यात खालच्या जागेचा. गोळा एक्सलवर आहे, स्प्रिंगेच्या खाली. तुम्ही ५० मिमीची स्प्रिंग टाका नाहीतर १०० ची, गोळा जिथं होता तिथंच राहणार. तो वर येतो फक्त मोठ्या टायरनं. मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३३ च्या आसपास, म्हणजे गोळा उचलला जातो त्याच्या निम्मा, २० मिमी. स्प्रिंगेनं वर येते ती बॉडी आणि चॅसी: बंपर, पोट, मागची कड. तुमचा मागचा बंपर घासतो म्हणून तुम्हाला स्प्रिंगेचा उपयोग आहे. पोटाखाली दगड लागतो अशी तक्रार घेऊन आला असता, तर आधी विचारलं असतं की नेमका कशाला लागतो.

फक्त मागच्या का नको? पुढचे शंभर किलोमीटर तुम्हाला काही कळणार नाही, गाडी उलट रुबाबदार दिसेल. पण मागं ४० मिमी उचललं आणि पुढं तसंच ठेवलं, की २५९० मिमीच्या अंतरावर जवळजवळ एक अंशाचा उतार पुढं होतो. हेडलाइटचा झोत जवळ पडतो. पुढच्या एक्सलचा कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंग आपोआप सरळ येण्यासाठी ठेवलेला कल, कमी होतो. जिमनीचा पुढचा अखंड एक्सल याबाबतीत नाजूक आहे, कॅस्टर कमी झाला की हायवेला ७०-८० च्या वेगात स्टीअरिंग थरथरू लागतं, आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात. चारही उचलल्या तरी कॅस्टर कमी होतोच, म्हणून ४० च्या पुढं गेलात तर कॅस्टर दुरुस्त करणारे बुशही (दांड्यांच्या सांध्यातली रबरं) घ्यावे लागतात. ३० मिमीला बहुतेक वेळा त्याशिवाय भागतं. तुमच्यासाठी ५० नको म्हणतो, त्याचं हे मोठं कारण.

दुसरं, पॅनहार्ड रॉड. एक्सलला डावी-उजवीकडं धरून ठेवणारा हा तिरका दांडा. बॉडी वर गेली की दांडा आणखी तिरका होतो आणि एक्सल एका बाजूला खेचला जातो. ४० मिमीला चार-पाच मिमी सरकतो, ते चालून जातं. त्याहून जास्त उचललं तर लांबी बदलता येणारा दांडा लागतो. मागून गाडी बघून एका बाजूचं चाक बॉडीबाहेर जास्त दिसत असेल तर तेच.

शॉकअप मात्र इथं वाचवू नका. मूळ शॉकअपची लांबी मूळ उंचीच्या हिशोबानं असते. गाडी ४० मिमी वर गेली म्हणजे चाकाला खाली सुटायचा पल्ला ४० नं कमी झाला, कारण शॉकअप आधीच तेवढा ताणलेला उभा आहे. गतिरोधकावरून उतरताना 'टण' असा आवाज आला की समजा तो आतल्या टोकाला जाऊन आदळतोय. असा महिनाभर आदळला की सील जातं आणि तेल गळायला लागतं. शिवाय कडक स्प्रिंगेची परतीची उसळी थांबवायची ताकद मूळ शॉकअपमध्ये नसते. लांब शॉकअप घेतला की मग ब्रेकच्या पायपाची लांबी तपासा. गाडी उचलून दोन्ही चाकं पूर्ण खाली लोंबू द्या आणि बघा, पाइप ताणला जातोय का, आणि स्प्रिंग जागेवर हातानं हलवता येते का. हलत असेल तर ती एखाद्या ओढ्यात निसटून बाहेर येईल. मी आणलेली पाहिलीय, गोणीत भरून.

उलट्या टोकालाही एक तपासणी आहे, ती फारसं कुणी करत नाही. १३ मिमी जाड तारेचे आठ वेढे एकमेकांना टेकले की झाले १०४ मिमी. एक्सल बंप रबराला, म्हणजे तो फार वर आला तर त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकतो तेव्हा स्प्रिंगेच्या बैठकींमध्ये यापेक्षा जास्त जागा उरली पाहिजे. नसेल तर वेढ्यावर वेढा आपटतो आणि मार चॅसीवर जातो. म्हणूनच रबरी किंवा अॅल्युमिनियमच्या चकत्या घालून उचलायचा स्वस्त उपाय मला आवडत नाही. २० मिमीपर्यंत ठीक, कडकपणा बदलत नाही हा तिचा गुणच आहे, पण वजनानं बसलेली गाडी चकतीनं फक्त वर दिसते, आतला प्रश्न तसाच राहतो. आणि स्प्रिंग गॅसनं तापवून ताणून देणाऱ्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका. पोलादाचं पाणी उतरतं, ती पुन्हा बसते किंवा तुटते.

तारेच्या जाडीवरून डोळ्यांनी अंदाज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ ची तार १३ केली, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक होते. त्याउलट वेढे वाढले की मऊ होते आणि घेर वाढला की फारच मऊ. म्हणून 'तार जाड आहे म्हणजे दणकट' हे अर्धसत्य आहे. व्हर्निअर घेऊन जा, जाडी, घेर आणि वेढे मोजून आणा.

जिमनीवाल्यांना खास सांगायचं ते असं: बाजारात मिळणाऱ्या कितीतरी परदेशी जोड्या तीन दारांच्या गाडीसाठी बनलेल्या आहेत. तिचं चाकांतलं अंतर २२५० मिमी, आणि ती पाच दारांच्या गाडीपेक्षा शंभरेक किलोनं हलकी. पाकिटावर ४० लिहिलेलं असतं ते त्या गाडीसाठी, आपल्या गाडीत ते कमी भरतं. पाच दारांची गाडी बाहेर जिमनी एक्सएल नावानं विकली जाते, तिच्यासाठी म्हणून स्पष्ट लिहिलेली जोडी मागा. काही जोड्यांत उजवी-डावी स्प्रिंग वेगळ्या लांबीची असते, लांब ती चालकाच्या बाजूला. डाव्या स्टीअरिंगच्या देशातली जोडी आली तर उलटं होईल. ऑस्ट्रेलिया आपल्यासारखाच डावीकडून चालवतो, तिकडची सरळ बसते.

मागं गुंडाळीच्या स्प्रिंगांऐवजी पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्या) असलेल्या जुन्या थार, जिप्सी, बोलेरोवाल्यांचं गणित वेगळं, तिथं एक पाटा वाढवणं किंवा पाट्यांना नव्यानं गोलाई देणं हा मार्ग आहे. एवढंच सांगतो, ज्या गाड्यांना मागच्या एक्सलजवळ वजन ओळखून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व असतो, तिथं उचलल्यानंतर त्याची कांडी जुळवून घ्या, नाहीतर भरलेल्या गाडीला ती रिकामी समजून मागचा ब्रेक कमी देईल.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ रचना बदलण्याच्या विरोधात आहे. आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडं आधी विचारून घ्या, लेखी. आणि उंच केलेली गाडी घेऊन कासच्या सड्यावर चाक घालू नका, ते फुलांचं आहे.

आता घरी करायची एक गोष्ट. गणपतीची उरलेली शाडू माती असेल तर लिंबाएवढे दोन गोळे करा आणि मागच्या दोन्ही बंप रबरांच्या टोकाला चिकटवा. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत चारही चाकांचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेनं फसवणूक होते. मग नेहमीची भरलेली फेरी करा. परत आल्यावर गोळा चपटा झालाय का बघा. दोन्ही सपाट असतील तर स्प्रिंगेचा पल्ला संपतोय. गोळे शाबूत असतील तर तुमचा 'धाडकन' आवाज सैल झालेल्या स्पेअर टायरचा किंवा जॅकचा आहे, आणि स्प्रिंगांचे पैसे वाचले.

सगळं करूनही स्प्रिंगा घ्यायच्याच ठरल्या, तर आजच्या माहितीवर माझं माप असं: चारही, ३० ते ४० मिमीच्या मध्ये, मूळपेक्षा १५-२० टक्के कडक, त्याच कंपनीचे जुळणारे शॉकअप. भरलेल्या फेऱ्यांसाठी मागच्या स्प्रिंगांच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या, भरताना हवा मारायची, रिकामी झाली की कंपनीनं दिलेल्या कमीत कमी दाबावर सोडायची. बसवणाऱ्याला एक गोष्ट बजावा: दांड्यांचे बुशांचे बोल्ट गाडी घोडीवर असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये नवी स्प्रिंग पाच-दहा मिमी बसते. तेव्हा पुन्हा मोजा, बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि अलाइनमेंट तेव्हाच करा.

काट्याचे चार आकडे आणि शाडूच्या गोळ्यांचा फोटो पाठवा, मग नेमका कडकपणा काढून देतो. ऊस सुरू असेल तर दुपारी दोनच्या सुमाराला काट्यावर जा, सकाळी ट्रॅक्टरांची रांग असते.